माप कुणाच्या मुठीचं

कमठ्याला दोरी चढवली, की दोरी आणि कमठा धरायची जागा यांच्यात किती अंतर सुटलं पाहिजे, हे मला या वयात कुणी विचारणार नाही. आता कमठा म्हणजे धनुष्य, हेच कुणाला ठाऊक नाही. पण कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. मूठ वळायची, कमठ्याच्या मध्यावर ठेवायची, अंगठा उभा करायचा. अंगठ्याचं टोक दोरीला टेकलं पाहिजे. एवढंच. या एवढ्याशा गोष्टीत मी घोटाळा केला. तो जाणूनबुजून केला की अजाणता, त्यातला माझा किती आणि लाकडाचा किती, हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं आणि आजही पुरतं कळलेलं नाही. जेवढं कळलं तेवढं लिहून ठेवतो. या आधीच्या प्रकरणांत मी हा भाग दोनदा ओलांडून पुढं गेलो. आता ओलांडायला पुढं फारसं काही उरलेलं नाही.

आमचं घर सुताराचं. गाव मुरुमपासून दोन कोसांवर, काळ्या रानातलं. बाजारात कानडी, शेतात मराठी आणि कचेरीच्या कागदावर उर्दू, अशा तिन्हींत ते जगायचं. वडलांना आम्ही अप्पा म्हणायचो आणि आईला अव्वा, कारण ती पलीकडच्या कानडी मुलखातली. अप्पांची कामाची जागा म्हणजे घरापुढचं तुराट्यांचं छप्पर. अव्वानं चूल पेटवली की अप्पांचा वाकस, लाकूड तासायचं हत्यार, सुरू व्हायचा आणि अंथरुणात पडल्या पडल्या मला ठोक्यांवरून कळायचं, आज बाभूळ आहे की लिंब. बाभळीवर वाकस खणखणतो, लिंबावर दबकून बसतो. तासलेल्या ढलप्या अव्वाच्या चुलीत जायच्या. बाभळीच्या जाळावर भाकरी टम्म फुगायची, लिंबाच्या जाळाला धूर फार. डोळे चोळत जेवायला बसलो की अप्पा म्हणायचे, आज भाकरी औषधी हाय, गुमान खा. हुलग्याचं माडगं, वर कच्चं तेल ओतलेली अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. भाजीला अव्वा पुंडीपल्ले म्हणायची आणि मराठी नाव तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. माझ्या जिभेवर ते आंबट अजून आहे. सुनेच्या हातची अंबाडी चांगली असते, पण तिच्यात धूर नसतो.

गल्लीच्या पलीकडं, आमच्या छपराच्या बरोबर समोर, लाडलेचाचांचं घर. ते पिंजारी. कापूस वेचून झाला की गावातल्या बायका गाद्या-वाकळांचा जुना-नवा कापूस त्यांच्याकडं आणून टाकायच्या आणि पुढचे दोन-अडीच महिने त्यांची पिंजणी गात असायची. पिंजणी म्हणजे माणसाएवढं लांब धनुष्यच, छताला टांगलेलं, त्याला आतड्याची तात. तिच्यावर लाकडी मोगरी मारायची, की तात थरथरायची आणि कापूस उडायचा. तो आवाज कागदावर कसा लिहावा मला ठाऊक नाही. तुंयऽऽ असा निघायचा आणि खोलीतून बाहेर येईतो त्याची लांबच लांब शेपटी व्हायची. आमच्या ताटात बारीक तंतू येऊन पडायचे आणि पिठल्यावरचा तंतू चिमटीनं उचलत अव्वा म्हणायची, लाडलेभाईंनी आज पण साय घातली. पिंजणीचं लाकूड अप्पा दुरुस्त करून द्यायचे आणि आमच्या घरच्या सगळ्या गाद्या चाचा भरून द्यायचे. कुणी कुणाला कधी काही मागितलेलं मी पाहिलं नाही. चाचा आमच्याशी मराठी बोलायचे, घरात चाचीशी दखनी, आणि पिंजणीशी कसलीतरी तिसरीच भाषा. वाकस आणि पिंजणी, या दोन आवाजांत मी वाढलो. त्यामुळं धनुष्य म्हटलं की ते गाणारच, अशी माझी बालपणापासूनची समजूत होती. ही समजूत पुढं फार महागात पडली.

मी सतरा-अठरा वर्षांचा असताना दिवस बिघडले. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या टोळ्या कुठं आल्या, कुठं काय नेलं, याच्या बातम्या रोज यायच्या आणि रोज बदलायच्या. सकाळी जे गाव जळालं म्हणून ऐकलं, संध्याकाळी त्याच गावचा माणूस बाजारात बैल घेऊन उभा दिसायचा. कशावर विश्वास ठेवावा ते कळायचं नाही. बंदुका नव्हत्याच, ज्या एक-दोन होत्या त्या कचेरीत जमा. म्हणून बसूनं कमठ्यांचं काढलं. बसू म्हणजे बसवराज, दुकानदार शरणप्पांचा धाकटा, माझ्यापेक्षा एक वर्षानं मोठा. अंगानं बारीक, तराजू धरून धरून हात मऊ झालेले, पण बोलायला लागला की आम्ही सगळे त्याच्या मागं. शरणप्पांच्या घरात शाकाहार इतका कडक, की ढेकूण मारताना सुद्धा शिवाचं नाव घेत. अशा घरचा पोरगा तीर-कमठ्याचं बोलतो याचं आम्हालाच हसू यायचं. बसू म्हणायचा, मारायचं कुणाला हाय, लांबून आवाज आला तरी पळतील.

अप्पांनी आधी ऐकून घेतलं, मग धामणीच्या सात दांड्या काढून दिल्या. धामण वाकते आणि परत सरळ होते. कावडीला, कुऱ्हाडीला ती वापरतात. अप्पा म्हणाले, लाकूड सांगतंय तेवढंच वाकवा, आपल्या मनानं वाकवू नका. मी त्या तासल्या, टोकांना खाचा पाडल्या. दोरीसाठी अंबाडीच्या वाखाच्या बारीक सुतळ्या शेजारी शेजारी ठेवून जुडी केली, मेण चोळलं, दोन्ही टोकांना फास घेतले. जुडीला जितके पीळ द्यावे तितकी ती आखूड होते, आणि दोरी आखूड झाली की कमठा जास्त वाकून दोरी त्याच्यापासून लांब उभी राहते. म्हणजे सगळा खेळ पिळांचा होता. पण किती पीळ, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी दोरी कमठ्याला जवळजवळ चिकटलेली. तीर सोडला की दोरी माझ्या डाव्या मनगटावर अशी बसायची की हात सुजून पोळीसारखा झाला. तीर शेपूट हलवत जायचा आणि आडवा पडायचा. मग प्रत्येक जण सांगू लागला. कुणी म्हणे वीतभर अंतर पाहिजे, कुणी म्हणे चार बोटं, कुणी म्हणे देवळातल्या चित्रात बघून या. आम्ही गेलोही. चित्रातल्या धनुष्याची दोरी एका बाजूला रंगवायचीच राहिली होती. अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, मी चाकाचं सांगीन, हे आपल्याला ठाऊक न्हाय. रोज आम्ही पीळ वाढवायचो, रोज कमी करायचो, आणि रोज कालचंच बरं होतं असं वाटायचं.

शेवटी चाचांनीच हाक मारली. ते समोरून आठ दिवस बघत होते. माझं मनगट हातात घेऊन म्हणाले, क्या रे सुतारा, सापाशी कुस्ती खेळलास काय. त्यांच्या आजोबांनी कुठल्याशा गढीवर तिरंदाजांची सेवा केली होती, असं ते सांगायचे. खरं-खोटं मला माहीत नाही. पण कमठा त्यांच्या हातात गेला आणि तो निराळाच दिसायला लागला. त्यांनी मूठ आणि उभ्या अंगठ्याचं ते माप दाखवलं. मी माझी मूठ लावून बघायला गेलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि त्या कमठ्याच्या धन्याला बोलावलं. ज्याचा कमठा त्याचीच मूठ, हे त्यांनी मला एकदा नाही, तीनदा सांगितलं. लांब हाताचा माणूस लांब ओढतो, आखूड हाताचा आखूड, म्हणून माप ज्याच्या त्याच्या अंगावरच असतं. हे मी इथं मुद्दाम नोंदवतो, कारण पुढं मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आणि अंगठा म्हणजे फक्त सुरुवात होती. तिथून पुढं ते दोरी उतरवायचे, एक पीळ द्यायचे, परत चढवायचे, तीर सोडायला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. परत एक पीळ. सात कमठ्यांना त्यांनी तीन दुपारी घालवल्या. पीळ वाढत गेले तसा आवाज कमी कमी होत गेला, आणि एका ठिकाणी आल्यावर फक्त तीर गेल्याचं कळलं, बाकी काही नाही. त्याच्या पुढं एकच पीळ दिला तरी परत आवाज यायला लागायचा. मी गोंधळून विचारलं, चाचा, तुमची पिंजणी तर सगळ्या गल्लीला ऐकू जाते, मग हे मुकं का.

ते म्हणाले, "तिला कापूस उडवायचाय, म्हणून ती गाते. कमठा गायला तर समज, तीराला द्यायचं ते त्यानं हवेला दिलं. कमठा चुप पाहिजे, बेटा. आणि चुपच्या पुढं नेलास तर लाकूड रडतं. ते ऐकू येत नाही, पण रडतं."

बसूच्या कमठ्याला अकरा पीळ बसले. त्यांनी ते मोठ्यानं मोजले, बसूनं मोजले, मी मोजले.

त्या दिवसांत चाचा आमच्यासाठी हे करत होते याचा अर्थ काय, हा विचार मला तेव्हा आला नाही. त्यांच्या जमातीतले दोघे-तिघे त्यांना बोलून गेले होते म्हणे. अप्पांनी एकदा विचारलं, लाडलेभाई, तुमाला कशाला हा ताप. ते हसून म्हणाले, कुणी का येईना, लुटायला आले की पहिली माझ्याच घरची गादी उचलणार, गावात तेवढी मऊ दुसरी कुणाकडं हाय. अप्पा हसले. मला आता वाटतं, ते उत्तर टाळणं होतं. किंवा तेच खरं उत्तर असेल. कुणास ठाऊक.

मग गावातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, की पोरं काय शिकलीत ते त्यांनी ओढ्याच्या काठी एकदा दाखवावं, मग राखणीचं त्यांच्यावर सोपवायचं की नाही ते बघू. त्या सकाळी बसू कमठा घेऊन आमच्या छपरात आला. म्हणाला, सिदा, ह्यो मुका हाय रे. म्हाताऱ्या माणसांसमोर सोडला तर त्यांना वाटंल, पोरं फुंकर मारत्यात. टणत्कार पाहिजे. मी म्हटलं, चाचा तर म्हणतात चुप पाहिजे. बसू हसत म्हणाला, चाचाला काय, आपले कमठे मुकेच बरे. हे तो चेष्टेनं बोलला. मी आजही शपथेवर सांगेन, चेष्टेनंच. पण चेष्टा अशी होती की ती मनात गेल्यावर बाहेर येईना. समोर चाचा दारात बसून मोगरीला तेल लावत होते आणि मी पहिल्यांदा त्यांच्याकडं परक्यासारखं पाहिलं.

मी बसूचा कमठा हातात घेतला आणि माझी मूठ लावली. वाकस धरून माझा पंजा रुंद झालेला. माझा अंगठा दोरीच्या दोन बोटं पुढं गेला. मी म्हटलं, माप दोन बोटं कमी आहे. मला हे ठाऊक होतं की मूठ बसूची लावायला पाहिजे. बसू समोर उभा होता, हात त्याच्याजवळच होता. पण मी म्हटलं नाही, की दे तुझी मूठ. दोरी उतरवली आणि पाच पीळ जास्त दिले. चढवताना कमठा अडला, गुडघा लावावा लागला. सोडून बघितलं तर असा सणसणला की आतून अव्वा म्हणाली, काय फुटलं रे. बसू खूश. माझ्या मुठीनं आता माप बरोबर भरत होतं. मी स्वतःला सांगितलं, मूठ आणि अंगठा, चाचांनी सांगितलं तेच तर केलंय. खोटं बोलायचं म्हणून नाही. त्या क्षणी मला ते जवळजवळ खरं वाटलं.

दुपारी ओढ्याकाठी ऊन रणरणत होतं. बसूनं कमठा दोरी चढवलेलाच ठेवला होता, तोही उन्हात. पंधरा-वीस माणसं बाभळींच्या सावलीला बसलेली, शरणप्पा मध्ये, अप्पा कडेला, चाचा सगळ्यांच्या मागं उभे. आधी तिघांनी तीर सोडले. चांगले गेले, पण कुणी काही म्हणालं नाही. बसूनं पहिला तीर सोडला, दोरी सणकन वाजली आणि माणसं हलली, कुणीतरी वा म्हणालं. बसूनं माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या तीराला त्यानं पहिल्यापेक्षा जास्त ओढलं. आवाज आला तो दोरीचा नव्हता. कमठ्याचं वरचं अंग मध्यापासून वीतभर वर तुटलं आणि उलटं येऊन त्याच्या उजव्या डोळ्यावर बसलं. बसू ओरडला नाही. नुसता खाली बसला, हातानं तोंड झाकून, आणि बोटांतून रक्त यायला लागलं.

त्याला बैलगाडीतून मुरुमला आणि तिथून सोलापूरला नेलं. पण गाडी जुंपायच्या आधी, पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या शरणप्पांनी मान वर करून विचारलं, "माप कुणाचं होतं?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण कमठे मी केलेले. मी म्हणालो, "लाडलेचाचांचं."

एकच शब्द, आणि तोही म्हटलं तर खरा. चाचा गर्दीतून पुढं आले. तुटलेले दोन्ही तुकडे दोरीला लटकत होते. त्यांनी दोरी काढली, एक फास माझ्या बाजूच्या पोराच्या हातात दिला आणि दुसरं टोक धरून ते पीळ उलगडायला लागले. ओठ हलत होते. सुतळ्या सरळ झाल्यावर म्हणाले, मी अकरा दिले होते, हे सोळा आहेत. ते माझ्याकडं वळले.

"सिदा, पीळ किती होते? बोल, बेटा."

मी म्हणालो, "मला आठवत न्हाय."

त्यांनी दोरी नीट गुंडाळली आणि अप्पांच्या हातात दिली.

संध्याकाळी अप्पांनी छपरात ते दोन तुकडे फळीवर ठेवले. मला वाटलं आता मार बसणार. मार बसला असता तर बरं झालं असतं. अप्पांनी तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला. आत ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती. म्हणाले, दांडी मीच निवडली होती, ही गाठ मला दिसायला पाहिजे होती. मी सांगायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

"पाच पीळ तू दिलेस, ते मला कळलंय. सकाळी आवाज मी पण ऐकला. आता बोललास तर आपलं घर जातं. गप बसलास तर त्यांचं जातं. एक घर तर जाणारच हाय." आणि थोड्या वेळानं, "गप बस."

माझे अप्पा वाईट माणूस नव्हते. हे वाक्य मी कितीदा तरी लिहिलं आणि खोडलं. गाठीमुळं कमठा तुटला असेल तर अप्पा दोषी, पिळामुळं तुटला असेल तर मी, उन्हामुळं तुटला असेल तर बसू. चाचा यातल्या कशातच नव्हते. आम्हाला दोघांना एवढं स्वच्छ दिसत होतं आणि तरी जेवायला बसल्यावर आम्ही माडगं पीत होतो. अव्वा फक्त सारखी समोरच्या दाराकडं बघत होती.

चाचांना गावानं हाकललं नाही. कुणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. रामराम-सलामसुद्धा चालू होता. फक्त त्या वर्षी कापूस निघाला आणि त्यांच्याकडं कुणी गेलं नाही. आधी मला वाटलं उशीर झाला असेल. मग दिसलं, की बायका गाठोडी घेऊन मुरुमच्या पिंजाऱ्याकडं जातात, दोन कोस. चाचा दारात बसलेले असायचे, मागं पिंजणी टांगलेली. आमच्याही घरच्या दोन गाद्यांचा कापूस होता. अप्पा म्हणाले, सगळे जातायत, आपण वेगळं दिसायला नको. गाठोडं मी उचललं. आमचा रस्ताच त्यांच्या दारावरून. मी खाली बघून चाललो होतो. चाचा म्हणाले, सिदा, मनगट बरं हाय का आता. मी म्हटलं, व्हय. आणि पुढं गेलो. गाठोडं एवढं मोठं होतं की ते त्यांना दिसलं नाही असं समजायला काहीच वाव नव्हता.

महिनाभरानं ते आणि चाची गेले. पिंजणी खांद्यावर, भांडी गोणीत. आळंदच्या बाजूला चाचीचं माहेर होतं, तिकडं गेले असावेत. त्यानंतर पावसाळा संपता संपता राज्य बदललं. आमच्या आसपासच्या गावांत त्या दिवसांत चाचांसारख्या कितीतरी निरपराध घरांवर जे गुदरलं, ते मी पाहिलं आहे आणि ते लिहायची माझ्यात ताकद नाही. तेव्हा मला कितीतरी वर्षं एक आधार होता: चाचा आधीच गेले म्हणून वाचले. म्हणजे माझ्या खोट्यानंच त्यांना वाचवलं. पण ते वाचले हे मला कुणी सांगितलं? वाटेतली गावं काय वेगळी होती? मी आळंदला एकदाही गेलो नाही. एका दिवसाचा रस्ता आहे.

बसूचा डोळा गेला. तो परत आला तेव्हा समोरच्या घराला कडी होती. त्यानं कडीकडं पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. पाच पीळ मागणारा तो, देणारा मी; हे दोघांनाही माहीत होतं आणि साठ वर्षांत आम्ही त्यावर एक अक्षर बोललो नाही. रोज भेटायचो, एकमेकांच्या पोरांच्या लग्नांत वाढायला उभे राहिलो. गावात मात्र गोष्ट वाढत गेली. आधी, पिंजाऱ्यानं माप चुकवलं. मग, मुद्दाम चुकवलं. मग, तो रझाकारांना फितूर होता. दरवर्षी झेंडावंदनानंतर कुणीतरी भाषणात हे सांगायचं, बसू काळा चष्मा सारखा करायचा आणि मी पहिल्या रांगेत बसून ऐकायचो. आम्ही दोघांनी ती गोष्ट कधी सांगितली नाही. थांबवलीही नाही. बसू गेल्याला तीन वर्षं झाली.

मागच्या वर्षी शाळेच्या पोरांनी त्यावर नाटुकलं बसवलं. पिंजारी झालेल्या पोराला कापसाची दाढी लावलेली. तो चोरपावलांनी येऊन कमठ्याची दोरी कातरतो आणि प्रेक्षकांकडं बघून हसतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलायला उभं केलं. मी माईकसमोर म्हणालो, दोरी कुणी कापली नव्हती, पाच पीळ मी जास्त दिले होते, लाडलेचाचांचे अकराच होते. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. मुख्याध्यापकांनी माझा दंड धरून मला खुर्चीत बसवलं आणि कुणाला तरी हळू म्हणाले, वय झालंय, गोंधळ होतो. जन्मभर माझा गोंधळ होताच. त्या दिवशी तेवढा नव्हता.

नाटक बसवणारा तरुण मास्तर मात्र दुसऱ्या दिवशी घरी आला. वही घेऊन आला होता. मी सगळं सांगितलं, इथं लिहिलं आहे तसं. त्यानं मध्ये अडवलं नाही. शेवटी म्हणाला, काका, नाटक बदलायचं तर आधी एक सांगा, त्यांना गावातून काढलं कुणी. मी म्हणालो, कुणीच न्हाय. कुणी कापूस नेऊन टाकला न्हाय एवढंच. तो डोकं खाजवायला लागला.

"आता हे स्टेजवर कसं दाखवायचं? कुणी काही करतच न्हाय म्हणल्यावर?"

मी म्हणालो, त्यांना त्यांच्या दारात बसवा, पिंजणी मागं टांगा. आणि गावातली सगळी माणसं डोक्यावर कापसाची गाठोडी घेऊन एकेक करून समोरून जाऊ द्या. कुणी काही बोलायचं नाही.

त्यानं लिहून घेतलं. म्हणाला, पहिला कोण जाईल?

म्हटलं, सुताराचा पोरगा.